३६ आठवड्यांनंतर चीक काढून ठेवायचाय. सिरिंज, फ्रीज, हा उन्हाळा: नेमकं कसं करायचं?

अंबडची_लेक

नमस्कार. ३५ आठवडे पूर्ण झालेत, पहिलं बाळंतपण, माहेरी अंबड तालुक्यात आलेय. सहाव्या महिन्यात साखर निघाली (७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १७२), रात्री एक इन्सुलिन चालू आहे. बाकी सोनोग्राफीत सगळं ठीक. वार (प्लासेंटा) वर आहे, बाळ एकच, डोकं खाली. बाळंतपण छत्रपती संभाजीनगरला ठरलंय, घरापासून दोन तास.

मॅडम म्हणाल्या, साखर असलेल्या आईच्या लेकराची साखर जन्मल्यावर उतरू शकते, तेव्हा ३६ आठवडे झाले की थोडा थोडा चीक (आईचं पहिलं दाट दूध) काढून गोठवून ठेवा. ओपीडीत गर्दी होती. "हाताने काढा, सिरिंजमध्ये भरा" यापुढं काही विचारता आलं नाही.

कोणती सिरिंज घ्यायची? दिवसातून किती वेळा, किती मिनिटं? घरी सिंगल डोअर फ्रीज आहे, दुपारी दोन-तीन तास लाइट जाते, बाहेर ४२ अंश. दवाखान्यात नेईपर्यंत टिकेल का? सासूबाई फोनवर म्हणायल्यात, आत्ताच काढलं तर लेकरू येईपर्यंत संपून जाईल. आईला वाटतं कळा लागतील. दोघींनाही पटेल असं सांगा.

स्टाफनर्स_लातूर

ताई, तुमच्या मॅडमनी सांगितलंय ते बरोबर आहे, आणि तुम्ही वार, बाळ, आठवडे सगळं लिहिलंत हे बरं केलंत, कारण सुरुवात तिथूनच करावी लागते.

आधी आईची शंका. स्तनाग्र चोळलं की शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, आणि गर्भाशय त्यानेच आकुंचन पावतं. म्हणून त्यांची भीती निराधार नाही. पण हे तपासून पाहिलेलं आहे. ऑस्ट्रेलियात मधुमेह असलेल्या, पण बाकी धोका नसलेल्या ६३५ गर्भवतींचा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. निम्म्या जणींनी ३६ आठवड्यांपासून रोज दोनदा, प्रत्येक वेळी जास्तीत जास्त १० मिनिटं हाताने चीक काढला, निम्म्यांनी काढला नाही. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) दाखल होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं, १५ आणि १४ टक्के. मात्र "बाकी धोका नसलेल्या" हे शब्द आईला आवर्जून वाचून दाखवा. सगळी सुरक्षितता त्या अटीवर उभी आहे.

ज्यांनी घरी हे करायचंच नाही त्या अशा: वार खाली आहे, या गरोदरपणात कधीही अंगावरून लाल गेलंय, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलाय, पिशवीचं तोंड आखूड सांगितलंय, मुदतीआधी कळा येऊन गेल्यात किंवा आधीचं बाळंतपण दिवस भरायच्या आत झालंय, पाणी जातंय. जुळं असेल, आधीचं सिझर असेल, बीपी वाढलेला असेल किंवा बाळाची वाढ कमी सांगितली असेल तर बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि ३६ आठवड्यांच्या आत कुणीच नाही.

तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही यात कुठं बसत नाही. तरी ३६ आठवड्यांच्या तपासणीला "आजपासून सुरू करू ना?" असं एकदा विचारून कार्डावर लिहून घ्या.

काढताना पोट एखाद्या वेळी कडक होऊन सैल पडलं तर थांबा, डाव्या कुशीवर पडा, पाणी प्या. अर्ध्या तासात शांत झालं तर त्या दिवसापुरतं बंद ठेवून दुसऱ्या दिवशी कमी वेळ करा. पोट ठरावीक अंतराने कडक व्हायला लागलं, लाल दिसलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर वाट बघायची नाही. दवाखान्याला फोन, गाडी नसेल तर १०८.

दूधसल्लागार

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मी देते. चीक साठवलेला नसतो, तो बनत राहतो. साधारण पाचव्या महिन्याच्या आसपास स्तनांत चीक तयार व्हायला लागतो, आणि वार पोटात असते तोवर तिच्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे भरपूर दूध उतरत नाही. वार पडली की तो अडसर निघतो आणि दोन-तीन दिवसांत दूध उतरतं. म्हणजे आज पाच थेंब काढले म्हणून बाळाचे पाच थेंब कमी झाले असं होत नाही. गाईच्या चिकाचा खरवस आपण एक-दोन दिवसांचाच करतो, त्यामुळे "चीक मोजकाच असतो" अशी समजूत होते. मोजका असतो तो काळ. बाळंतपणानंतरचे दोन-तीन दिवस आईचं शरीर चीकच बनवत असतं, काढला तरी आणि नाही काढला तरी.

आता कृती. वेळ ठरवताना अंघोळीनंतरची घ्या, अंग ऊबदार असतं.

साबणाने कोपरापर्यंत हात धुवा, नखांच्या आतून, वीसेक सेकंद. नखं कापलेली हवीत, बांगड्या वर सरकवा. छातीला साबण लावायची गरज नाही, साधं पाणी पुरे. तेल, क्रीम, पावडर काही लावलेलं असेल तर धुवून टाका. निपल खरखरीत कापडाने किंवा उटण्याने घासून "तयार" करायची पद्धत काही घरांत आहे, ती सोडा. त्यानं कातडी सोलवटते, दुसरं काही साधत नाही.

टेकून बसा. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल दोन-तीन मिनिटं ठेवा. मग बोटांच्या सपाट भागाने बाहेरून निपलच्या दिशेने हलकं गोलाकार चोळा, एक-दोन मिनिटं.

आता खरं काम. अंगठा वर आणि तर्जनी खाली, इंग्रजी सी अक्षरासारखी पकड. दोन्ही बोटं निपलच्या बुडापासून २ ते ३ सेंटिमीटर मागे. काळसर भागाच्या कडेला असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं, पण काहींचा तो भाग खूप मोठा असतो तर काहींचा अगदी लहान, म्हणून अंतर बघा. बोटं जागची न हलवता आधी छातीच्या पिंजऱ्याकडे मागे दाबा, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे आणा, मग सोडा. दाब, आवळ, सोड. या लयीत.

बोटं पुढं निपलकडे घसरू देऊ नका. गाईची धार काढतात तसं ओढायचं नाही, इथंच बहुतेकींचं चुकतं. निपल पिळून चीक येत नाही, कारण चिकाच्या नळ्या दाबल्या जातात त्या मागे. दुखलं तर समजायचं बोटं चुकीच्या जागी आहेत.

पहिली मिनिटभर काहीच येत नाही. मग निपलवर बारीक चमक दिसते, मग तिथल्या बारीक छिद्रांपैकी एखाद्यावर टाचणीच्या डोक्याएवढा दाट थेंब उभा राहतो, कधी मधासारखा पिवळा, कधी नुसता पाण्यासारखा. तो जागेवरून ओघळत नाही. तो थांबला की बोटं घड्याळातल्या पुढच्या आकड्यावर सरकवा, बारा-सहा झालं की दोन-आठ, मग चार-दहा. एका बाजूला तीन ते पाच मिनिटं, मग दुसरी. दोन्ही मिळून दहा मिनिटांच्या वर नाही. पहिले दोन-तीन दिवस एकदाच, पोट शांत राहिलं तर दिवसातून दोनदा.

उदगीरकर

पंप का नाही घेत? आता हजार-बाराशेत बॅटरीवरचा मिळतो. हातानं कोण बसणार दहा मिनिटं.

दूधसल्लागार

गरोदरपणी पंप नको. दोन कारणं. चीक इतका दाट आणि इतका थोडा असतो की तो पंपाच्या फनेलला नि नळीला चिकटूनच संपतो, बाटलीपर्यंत पोचत नाही. आणि पंपाची ओढ जोराची असते, हाताने जसं हळू करता येतं, लगेच थांबता येतं, तसं तिथं होत नाही. बाळ झाल्यावर गरज पडली तर पंपाचा विचार करा, तेव्हाही पहिले दोन दिवस हातच जास्त देतो.

स्टाफनर्स_लातूर

सिरिंजबद्दल, कारण दुकानात इथंच गोंधळ होतो.

तुमच्या घरात इन्सुलिनच्या सिरिंज असतील. त्या वापरू नका. बऱ्याच इन्सुलिन सिरिंजची सुई नळीला पक्की जोडलेली असते, निघत नाही, आणि रेघा युनिटच्या असतात, मिलीलिटरच्या नव्हेत. मेडिकलमध्ये "एक मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज" किंवा "दोन मिलीची साधी" मागा. सुई वेगळी निघते अशीच बघून घ्या आणि सुई पाकिटातून काढल्या काढल्या बाजूला टाका. औषध पाजायच्या ओरल सिरिंज टोपणासकट मिळाल्या तर सगळ्यांत उत्तम. पाकीट फाटलेलं, तारीख उलटलेली घेऊ नका. सिरिंज उकळायची नाही, धुवून पुन्हा वापरायची नाही. रोज नवी. पंचवीस-तीस आणून ठेवा.

खरी अडचण टोपणाची. सुईवरची प्लास्टिकची नळी सिरिंजच्या टोकावर घट्ट बसत नाही, ती सुईच्या बुडाला बसायला बनवलेली असते. सलाईनच्या कॅन्युलाला जे पांढरं टोपण असतं तेही बसणार नाही, कारण ते आत जाणारं आहे आणि सिरिंजचं टोकही आत जाणारंच. लागतं ते कॉम्बी स्टॉपर नावाचं, एका बाजूने आत नि दुसऱ्या बाजूने बाहेर बसणारं. लहान मेडिकलमध्ये नसतं. सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळतं, शंभराचा डबा असतो, सुटे मागा. किंवा जिथं बाळंतपण आहे तिथल्या लेबर रूमच्या सिस्टरना विचारा.

काही केल्या मिळालं नाही तर घट्ट झाकणाची स्टीलची अगदी लहान डबी दहा मिनिटं उकळून, पालथी सुकवून तिच्यात गोठवता येतं. पण एक मिलीतला बराच चीक भांड्याच्या कडांना राहतो, म्हणून ती दुसरी निवड.

भरताना: निपलवर थेंब उभा राहिला की सिरिंजचं टोक त्याला तिरपं टेकवा आणि दट्ट्या अगदी सावकाश मागे घ्या. भर्रकन ओढलं की नुसती हवा येते. थेंब ओघळायला लागला तर खाली उकळलेली वाटी किंवा चमचा धरा आणि त्यातून ओढा. शेवटी टोक वर करून टिचकी मारा, हवेचे बुडबुडे वर येतात, दट्ट्या हळू पुढे सारून हवा काढा, थेंब टोकाशी आला की थांबा. एक मिलीच्या नळीत ०.८ च्या वर भरू नका. गोठताना चीक फुगतो, दट्ट्या मागे सरकतो किंवा टोपण उडतं.

सकाळी ०.२ मिली निघाला आणि संध्याकाळी पुन्हा काढायचाय, तर टोपण लावून ती सिरिंज फ्रीजमध्ये ठेवा, संध्याकाळचा त्यातच ओढा, रात्री गोठवायला टाका. २४ तासांच्या वर एकच सिरिंज चालू ठेवायची नाही.

नाव, तारीख, वेळ लिहा. सिरिंजवर थेट बॉलपेनने लिहिलेलं बर्फाच्या दवाने पुसून जातं. कागदी मेडिकल टेपची पट्टी झेंड्यासारखी चिकटवून त्यावर मार्करने लिहा. आठवडाभराच्या सिरिंज एका झिपच्या पिशवीत, ती पिशवी झाकणाच्या डब्यात.

गारवा_नांदेड

बाळंतपणाचं मला कळत नाही, फ्रीज दुरुस्तीचं काम आहे. तुमच्या सिंगल डोअर फ्रीजबद्दल लिहितो, कारण इथं गल्लत झाली तर वर सांगितलेली सगळी मेहनत वाया जाईल.

डबल डोअरचा वेगळ्या दाराचा फ्रीजर उणे १८ अंशांवर राहतो. सिंगल डोअरमध्ये वर जो बर्फाचा कप्पा असतो तो तेवढा थंड राहत नाही, दार उघडलं की हवा दोन्हीकडची एकच होते. बर्फ धरतोय म्हणजे उणे १८ आहे असा अर्थ होत नाही.

आणि डिफ्रॉस्टचं बटण! मधोमध जे बटण दाबलं की बर्फ वितळतो, ते बाळंतपण होईपर्यंत कुणीही दाबायचं नाही. घरात लहान पोरं असतील तर त्यावर टेप लावा. आज सुरू करायच्या आधी बर्फ काढून कप्पा स्वच्छ करून घ्या, आईस्क्रीम, मटण, मासे काही असेल ते दुसरीकडे हलवा.

लाइट गेली की दार उघडू नका. वितळून पुन्हा गोठलं का हे ओळखायला एक वाटी पाणी कप्प्यात गोठवा आणि वर एक रुपयाचं नाणं ठेवा. दोन-तीन तासांनी लाइट आली नि नाणं वरच आहे, तर ठीक. नाणं बर्फात बुडालेलं दिसलं, तर मधे सगळं पाणी झालं होतं. आता सिरिंज दगडासारखी लागत असली तरी तिच्यावर विसंबू नका. कप्प्यात पाण्याच्या दोन-तीन बाटल्या कायम गोठवून भरून ठेवल्या तर गारवा जास्त वेळ टिकतो. रिकामा कप्पा लवकर तापतो.

खालच्या भागात ठेवायचं तर मागच्या भिंतीजवळ, दारातल्या कप्प्यात कधीच नाही. दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं.

दूधसल्लागार

गारवा यांनी सांगितलं त्याला जोडून मुदती. वेगळ्या दाराचा, उणे १८ चा फ्रीजर असेल तर ६ महिने. सिंगल डोअरच्या बर्फाच्या कप्प्यात २ आठवडे, त्याहून जास्त धरू नका. खाली फ्रीजमध्ये, ४ अंशांवर खात्रीने असेल तर ४ दिवस. बाहेर ठेवायचे जे ४ तास सांगतात ते २५ अंशांपर्यंतच्या खोलीचे आहेत. मराठवाड्यातल्या मे महिन्यात ते विसरा. काढला, टोपण लावलं, लगेच आत.

म्हणून अंबडच्या ताई, दोन आठवड्यांचं गणित तुमच्यासाठी महत्त्वाचं. साखर आणि इन्सुलिन असल्याने तुमचं बाळंतपण ३८-३९ आठवड्यांच्या आसपास ठरवतील अशी शक्यता आहे. तारीख विचारा. ३६ ला सुरू करून कप्प्यात ठेवत गेलात तर पहिल्या दिवसांच्या सिरिंज मुदत ओलांडतील. गल्लीत कुणाकडे डबल डोअर असेल तर तिथं एक बंद डबा ठेवायची सोय बघा. नाही तर पहिला आठवडा नुसता सराव धरा, साठवण ३७ पासून करा. सराव वाया जात नाही, बाळ झाल्यावर पहिल्या तासात हात बरोबर चालतो, आणि खरं सांगायचं तर मला तोच जास्त मोलाचा वाटतो.

अंबडची_लेक

खूप खूप आभार सगळ्यांचे. काल ३६ पूर्ण झाले, मॅडमनी हो म्हटलं, कार्डावर लिहून दिलं. आज पहिल्यांदा केलं. उजवीकडून दोन थेंब, डावीकडून काहीच नाही. इतकं कमी म्हणजे पुढं दूध येणार नाही असं असतं का? आणि त्या दोन थेंबांत एकाला तांबूस रंग होता.

दूधसल्लागार

नाही, तसं अजिबात नसतं. गरोदरपणी किती निघाला यावरून पुढचं दूध ठरत नाही. काहींना आठवडाभर चमकच दिसते, काहींना पहिल्या दिवशी अर्धा मिली, आणि काहींना शेवटपर्यंत काहीच निघत नाही. ज्यांना काहीच निघालं नाही त्यांनाही वार पडल्यावर दूध उतरतं. डावी-उजवीत फरकही नेहमीचा. थेंब आला नाही म्हणून जोर वाढवू नका, वेळही वाढवू नका. ठरलेली पाच मिनिटं झाली की सोडा.

तांबूस किंवा विटकरी रंग पहिल्यांदा दिसू शकतो. दिवस भरत आले की स्तनातल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, त्यातून किंचित रक्त नळ्यांत येतं. दुखत नाही, बहुधा दोन्हीकडे असतं, आठवडाभरात स्वच्छ होतं. पण एकाच छिद्रातून सारखं येत राहिलं, गाठ लागली किंवा आठवडा उलटूनही राहिलं तर दाखवून घ्या. आणि पुढच्या तपासणीत मॅडमच्या कानावर घालाच. जोराने दाबल्यामुळे कातडीला चीर पडली नाही ना, तेही आरशात बघा.

बालरोग_परभणी

हे सगळं कशासाठी, आणि किती लागतं, ते लिहितो. नाही तर पंचवीस सिरिंज भरायच्या म्हणून बाई उगाच जिवाला त्रास करून घेते.

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवायला शिकतं. नाळ कापली की साखरेचा पुरवठा एकदम थांबतो, पण बाळाचं इन्सुलिन अजून चढेच. म्हणून पहिल्या काही तासांत साखर उतरते. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन ती वरचेवर तपासतात, साधारण ४०–४५ मिलिग्रॅमच्या खाली गेली की उपाय सुरू होतात.

पहिला उपाय म्हणजे जन्मल्यापासून तासाभरात छातीला लावणं, आई-बाळ कातडीला कातडी लावून, आणि मग दर दोन-तीन तासांनी. पहिल्या २४ तासांत बाळाला एका वेळी २ ते १० मिली पुरतं. साठवलेला चीक लागतो तो बाळ झोपाळू आहे, नीट ओढत नाही, किंवा सिझरनंतर आई तासाभर बाळाजवळ नाही, तेव्हा. डब्याच्या दुधाऐवजी आधी आईचाच चीक देता येतो. त्यात प्रतिकारशक्ती देणारे घटक दाटून असतात, आणि तो सारक असल्याने पहिली काळी शी लवकर पडते. मधुमेह असलेल्या आईला दूध उतरायला एखादा दिवस उशीर लागू शकतो, तिथंही हा साठा कामी येतो.

५ मिली जमला तरी पुष्कळ झालं. २० जमला तर आनंदच. काही नाही जमला तर जन्मानंतर लगेच हाताने काढून द्या.

एक मात्र स्पष्ट सांगतो. चीक देऊनही साखर वर येत नसेल आणि डॉक्टर ग्लुकोजची सलाईन किंवा वरचं दूध द्या म्हणाले तर अडवू नका. साखर उतरलेली राहिली तर बाळाच्या मेंदूला धोका असतो, तिथं थांबायला वेळ नसतो.

आणि मध, गूळपाणी, गुटी यातलं काहीही बाळाच्या तोंडी जाऊ देऊ नका, आजीने कितीही प्रेमाने बोट पुढे केलं तरी. मधात असणाऱ्या जंतूंच्या बीजाणूंनी वर्षाच्या आतल्या बाळाला लुळेपणाचा जीवघेणा आजार होऊ शकतो.

स्टाफनर्स_लातूर

दवाखान्यात नेण्याबद्दल. दोन गोष्टी आधी फोनवर विचारून ठेवा: चीक ठेवायला फ्रीज आहे का (लसींच्या आणि औषधांच्या फ्रीजमध्ये ठेवू देत नाहीत), आणि बाळाला सिरिंजने द्यायला बालरोग डॉक्टरांची हरकत नाही ना.

थर्माकोलचा डबा घ्या, तळाला गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, मधे सिरिंजची पिशवी, वरून पुन्हा बाटल्या, आणि उरलेली जागा कापडाने गच्च भरा. वितळता बर्फ शून्य अंशावर असतो आणि चीक त्याच्या जरा खाली गोठतो, म्हणून दोन तासांत सिरिंज थोड्या मऊ पडू शकतात. पिशवी पाणी न शिरणारी असेल तर बर्फाच्या तुकड्यांत खडं मीठ मिसळा, पॉटच्या आइस्क्रीमला घालतात तसं. बर्फ आणखी थंड होतो. डबा गाडीच्या डिकीत नको, पायाशी ठेवा, उन्हापासून दूर.

सगळ्या नेऊ नका. पाच-सहा सिरिंज पुरतात, बाकी घरीच राहू द्या, लागल्या तर कुणीतरी दुसऱ्या खेपेला आणेल. पोचल्यावर पूर्ण वितळलेली सिरिंज पुन्हा गोठवायची नाही, फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत वापरायची.

वितळवताना: बंद मुठीत धरा किंवा कोमट पाण्याच्या पेल्यात उभी करा, टोपण पाण्याच्या वर. एक मिली पाच-दहा मिनिटांत वितळतो. उकळतं पाणी, मायक्रोवेव्ह, गॅसजवळ ठेवणं, काही नको. खोलीत आणलेली तासाभरात संपवा, बाळाच्या तोंडाला लागलेली सिरिंज परत फ्रीजमध्ये जात नाही.

पाजताना टोपण आधी काढून खिशात टाका. ते लहान असतं, बाळाच्या घशात अडकू शकतं. बाळ जागं हवं, डोकं उंच. टोक गालाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या मध्यावर नाही. एका वेळी ०.२ मिली, म्हणजे दोन-चार थेंब, गिळलेलं दिसलं की पुढचं. रडत्या बाळाच्या तोंडात पिचकारी मारली की ठसका लागतो. २ मिलीच्या वर द्यायचं असेल तर बोंडलं वापरा, उकळून घेतलेलं, त्याची चोच खालच्या ओठावर टेकवायची आणि बाळाला स्वतः चाटू द्यायचं.

आशाताई_केज

ताई, सासूबाईंना फोनवर समजावण्यापेक्षा तुमच्या गावच्या आशाला किंवा एएनएमला (आरोग्यसेविकेला) सांगा, त्या घरी जाऊन बोलतील. २०१६ पासून 'मा' कार्यक्रमात स्तनपानाबद्दल घरच्यांशी, सासवांशी बोलायचं कामच आम्हाला दिलेलं आहे. सासूबाईंना एवढंच काम द्या: बाळंतपणाच्या दिवशी थर्माकोलचा डबा सांभाळणं. ज्यांच्या हातात डबा असतो त्या चीक फेकू देत नाहीत.

अंबडची_लेक

आठवा दिवस. काल ०.४, आज सकाळी ०.३, रंग आता स्वच्छ पिवळा. पोट एकदाच कडक झालं, पडून राहिल्यावर थांबलं. डबल डोअर शेजारच्या काकूंकडे आहे, डबा तिथं ठेवलाय. तारीख ३८ आठवडे पाच दिवसांची मिळाली. एकच विचारायचं राहिलं: लेकरू नीट प्यायला लागलं आणि सिरिंज उरल्या तर?

दूधसल्लागार

छान चाललंय. उरल्या तर टाकू नका. बाळ छातीला लावा, ते पहिलं. उरलेल्या सिरिंज काकूंच्या फ्रीजरात सहा महिने राहतील. कावीळ चढली, बाळ झोपेतून उठत नाही, निपलला चिरा पडून एखादी वेळ चुकवावी लागली, तेव्हा त्या काढता येतील. बाळ एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विभागात) गेलं तर मात्र साठ्यावर थांबू नका. जन्मल्यापासून तासाभरात हाताने काढायला सुरुवात करा आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, दिवसभरात आठ-दहा वेळा काढत राहा. स्तन रिकामे होत राहिले तरच दूध वाढतं. वापरताना पट्टीवरची तारीख बघून सगळ्यांत जुनी सिरिंज आधी काढा.